डॉक्टर, साधारण किती होतील?

आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीत कुणी नवीन कुत्रं आणलं की दोन-चार दिवसांत मला मेसेज येतोच, ताई तुमचा डॉक्टर कोण, नंबर पाठवा की. नंबर मी पाठवते पण त्याआधी थोडं बोलून घेते, आणि ते बोलणं इतक्या वेळा झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकूया. नाव मात्र इथं लिहिणार नाही. मला कळंब्यात जवळ पडणारा डॉक्टर कसबा बावड्यातल्या माणसाला रात्री अकराला काय कामाचा? आणि प्रत्येकाचं जनावर वेगळं, खिसा वेगळा.

घरात सध्या चिंगी आहे, गावठी, रस्त्यावरची, साधारण सतरा किलो, आणि एक बोका आहे ज्याचं नाव पाटील (नाव नवऱ्यानं ठेवलंय, शेजारच्या पाटील काकांना अजून माहीत नाही). सासर कागलकडं, तिथं गोठा, म्हशी. त्यामुळं जनावरांचा डॉक्टर हा प्रकार मी दोन्हीकडून बघितलाय, गावातला गाडीवर बॅग अडकवून दारात येणारा आणि शहरातला एसीच्या खोलीत स्टीलच्या टेबलामागं उभा असलेला. डिग्री दोघांची एकच असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांचा कोर्स, आणि त्यात गाय, म्हैस, कोंबडी, घोडा, कुत्रं सगळं एकाच वेळी शिकवतात, आपल्याला जवळचं कॉलेज म्हणजे पुण्याच्या हायवेवरचं शिरवळ. म्हणजे "हा म्हशींचा डॉक्टर आहे" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. फक्त तो रोज काय बघतो ते विचारायचं. दिवसभर दूध संघाच्या म्हशी बघणारा माणूस म्हैस विण्याच्या कामात हुशार असेल, बाहेर आलेलं मायांग (गर्भाशय) आत ढकलणं त्याच्या डाव्या हाताचा मळ असेल, पण मांजराच्या लघवीच्या त्रासाचा त्याला रोजचा हात नसतो.

आणि अजून एक, गावात ज्याला आपण सरसकट डॉक्टर म्हणतो तो कधीकधी डिप्लोमावाला पशुधन पर्यवेक्षक असतो. त्यांचं काम मोठं आहे, मी कमी लेखत नाही, पण त्यांनी काय करायचं याला कायद्यानं मर्यादा आहे, किरकोळ उपचार आणि तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पोट उघडायचं ऑपरेशन त्यांच्याकडं करून घ्यायचं नाही. राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी नंबर लेटरहेडवर किंवा भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर असतो, बघून घ्या, बघण्यात काही उद्धटपणा नाही.

डॉक्टर शोधायची वेळ म्हणजे कुत्रं ठणठणीत असताना. नखं कापायला जा, जंताच्या गोळ्या घ्यायला जा, काहीतरी छोटं निमित्त काढा. आजारी जनावर मांडीवर घेऊन गुगलवर रेटिंग बघत बसायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरा शोधण्यासारखं आहे. छोट्या कामाला गेलं की बरंच दिसतं. वजन करतात का हे मी पहिल्यांदा बघते. औषधाचा सगळा डोस वजनावर असतो आणि नुसतं डोळ्यानं "असंल पंधरा-वीस किलो" म्हणून इंजेक्शन भरणारा माणूस मला नको. लस फ्रिजमधून काढली का? लस दोन ते आठ डिग्रीत राहायला लागते, आणि आपल्याकडं मंगळवारी-बुधवारी कधी लाईट जाईल सांगता येत नाही, तेव्हा लाईट गेल्यावर काय करता हे विचारलं तर चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट इन्व्हर्टर दाखवतो. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर पुस्तकात चिकटवून खाली तारीख, सही, शिक्का. नुसतं पेनानं "रेबीज दिली" एवढं लिहिलेलं पुस्तक पुढं ट्रेनच्या वेळी किंवा कुणाला चावलं तर उपयोगाला येत नाही.

हे सगळं झालं. पण माझी खरी परीक्षा वेगळीच असते. मी विचारते, डॉक्टर, साधारण किती होतील?

हे विचारायला आपल्या लोकांना प्रचंड लाज वाटते राव. का ते मला कळत नाही. वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून हजार-पाचशेसाठी अर्धा दिवस घासाघीस करणारी माणसं, दवाखान्यात आली की गप्प. डॉक्टर लिहितो, ही माना डोलावतात, आणि बाहेर काउंटरवर बिल बघून चेहरा पडतो. मग पुढच्या वेळी त्या दवाखान्यात जायचंच नाही, आणि डोस अर्धाच टाकायचा. आमचे मामा म्हणजे सासरे यातले नाहीत. ते म्हणतात, "अगं म्हशीला सलाईन लावायच्या आधी इचारतोय मी, किती हुतील सायेब. त्यात लाजायचं काय? त्यानं बी पोटासाठीच दुकान मांडलंय न्हवं." मामांचं हे वाक्य मी तसंच्या तसं उचललंय.

विचारल्यावर काय उत्तर येतं त्यावरून डॉक्टर कळतो. पाटीलला एकदा उलट्या होत होत्या तेव्हा एका मोठ्या चकाचक दवाखान्यात गेले होते (नाव राहू दे). विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम आधी टेस्ट होऊ देत मग कळेल, आणि आत विचारलं तर ते म्हणाले तुम्हाला जनावर महत्त्वाचं का पैसे. हे वाक्य ऐकलं की मी तरी उठते. पैसे आणि जनावर ही दोन वेगळी नाहीत ओ, पैसे संपले की उपचार थांबतो, तेव्हा उपचार टिकवायचा असेल तर पैशाचं बोलायलाच लागणार. तुम्हाला मी काय फुकट करा म्हटलंय का?

याच्या उलट चिंगीच्या वेळचं सांगते. पावसाळ्याचे दिवस, बाईसाहेब दोन वेळा जेवल्या नाहीत, मटणाचा तुकडा हुंगून बाजूला झाल्या तेव्हा मात्र मी गाडी काढली. आमच्या डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढरट दिसत होत्या, मग थर्मामीटर, ताप 104 च्या वर. कुत्र्याचं नॉर्मलच 101 ते 102.5 असतं हे लक्षात ठेवा, आपल्या 98 च्या हिशोबानं घाबरून जायचं नाही. मानेखाली, कानात बोटं फिरवली आणि पंज्याच्या बेचक्यातून दोन गोचिड काढून दाखवले. मी विचारलं, किती होतील. ते म्हणाले, मला गोचिडतापाचा संशय आहे, आज फक्त सीबीसी म्हणजे रक्ताची तपासणी करू, प्लेटलेट बघू. कमी असतील तर औषध चालू करू, सहसा एक-दोन दिवसांत कुत्रं खायला लागतं. नाही लागलं तर मग पुढची टेस्ट, सोनोग्राफी वगैरे, त्याचे एवढे एवढे होतील, पण ते आज लगेच नको. एवढंच. आज काय लागणारच, काय थांबू शकतं, आणि थांबलं तर धोका काय. तीन गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकीचा अंदाजे आकडा.

प्लेटलेट खूपच खाली होत्या. डॉक्सीसायक्लिन लिहून दिली, साधारण चार आठवड्यांचा कोर्स. आता ही गोळी काही कुत्र्यांची स्पेशल नाही, माणसांचीच आहे, जनऔषधी केंद्रातसुद्धा मिळते, आणि डॉक्टरांनीच सांगितलं की तिथून घ्या, निम्म्याहून कमीत बसेल. दवाखान्यातलंच औषध घ्या असा आग्रह न धरणारा डॉक्टर मिळाला तर सोडू नका. पण गंमत पुढं आहे. मी गोळी दुधातून देणार होते, कोल्हापुरात आपण औषध, हळद, दुःख सगळंच दुधातून घेतो, आणि ते म्हणाले दुधातून अजिबात नाही. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं, मग ती पूर्ण अंगाला लागत नाही. पोट भरलेलं असताना भाताच्या गोळ्यात द्या आणि वर पाणी पाजा. ही एक ओळ त्यांनी सांगितली नसती तर महिनाभराच्या गोळ्यांचे पैसे म्हशीच्या दुधात गेले असते. म्हणून मी म्हणते, फी कमी का जास्त यापेक्षा डॉक्टर किती बोलतो ते बघा. 300 रुपये घेऊन दहा मिनिटं बोलणारा, 150 घेऊन चिठ्ठी फाडून देणाऱ्यापेक्षा स्वस्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंगीनं चपाती खाल्ली. कोर्स मात्र पूर्ण केला, बरी वाटतीय म्हणून मधेच सोडला नाही, हे सांगायला लागतं कारण निम्मे लोक तिथंच सोडतात आणि मग ताप परत.

आता खर्चाचं. मोठा खर्च येतो तो छोटा खर्च टाळल्यामुळं हे गोचिडाच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. तीन महिने चालणारी गोळी घेताना डोळे पांढरे होतात, मान्य, पण तिला तीननं भागा आणि शेजारी एका गोचिडतापाचं बिल ठेवा. महिनाभर चालणाऱ्या पण मिळतात. गोळी वजनाच्या गटाप्रमाणं येते, तेव्हा कुत्रं गटाच्या काठावर असेल तर आधी वजन करून घ्या. आणि प्लीज, गोठ्यातलं म्हशीच्या गोचिडाचं औषध कुत्र्याला आणि मांजराला लावू नका. स्वस्त पडतंय म्हणून आमच्या गावाकडं सर्रास चालतं. त्यातली काही औषधं मांजराला सरळ विषासारखी आहेत, झटके येऊन मरतं मांजर. आणि ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कोली जातीच्या कुत्र्यांना मेंदूवर जातं, त्यांच्यात तसा जनुकीय दोष असतो, मग ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही अशा क्रॉसला अंदाजपंचे डोस कशाला.

तसंच घरातल्या औषधांचं. मांजराला क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्याला कॉम्बिफ्लाम नाही, डायक्लोफेनॅक नाही. (डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 मध्येच बंदी आली, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत चालली होती म्हणून.) पन्नास रुपये वाचवायला मेडिकलवाल्याला विचारून दिलेल्या गोळीनं किडनी गेली की मग सलाईनवर किती जातात ते विचारू नका. तांबड्या-पांढऱ्याच्या रविवारी उरलेली शिजलेली हाडं पण त्याच यादीत, शिजलं की हाड तुकडे होऊन टोचतं, आणि रश्शात कांदा-लसूण दोन्ही, दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला वाईट. चिंगीला द्यायचंच झालं तर मसाला पडायच्या आधीचं उकडलेलं मटण काढून ठेवते.

फुकट किंवा जवळजवळ फुकट काय मिळतं तेही सांगते कारण लोक तिकडं जातच नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. केसपेपर किरकोळ पैशात होतो, रेबीजची लस मिळते, साधं ड्रेसिंग, टाके होतात. सकाळी लवकर जा, शेळ्या-म्हशीवाल्यांच्या रांगेत थांबायची तयारी ठेवा, कुत्र्याला तोंडाला पट्टी लावून न्या कारण शेळीबरोबर बसायची सवय नसते. 6 जुलै आणि 28 सप्टेंबर, या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, 6 जुलै प्राणिजन्य रोगांचा दिवस आणि 28 सप्टेंबर रेबीज दिन, दोन्ही लुई पाश्चरच्या नावानं, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी रेबीज लसीची मोफत शिबिरं असतात. मी गल्लीतल्या बेवारस चौघांना तिथंच नेते. त्यांना रिक्षात बसवणं हा वेगळ्या लेखाचा विषय.

मादी असेल तर ऑपरेशन करून टाका, वेळेत. "एकदा पिल्लं होऊ देत, पुण्य लागतं" म्हणणाऱ्या काकू प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना सांगा की न केलेल्या कुत्रीला वय वाढलं की गर्भाशयात पू होऊ शकतो, पायोमेट्रा, आणि मग तेच ऑपरेशन तापात, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला असताना), अर्ध्या रात्री करायला लागतं, तेव्हा खर्च काही पटीत आणि जीवाची खात्री नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकांचं हेच झालं. बोका असेल तर दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, बोका वाळूत सारखा बसतोय, ओरडतोय आणि लघवी येत नाही, तर "उद्या बघू" नाही. लघवी अडकली की दिवस-दीड दिवसात जीवावर बेततं. तिथं अंदाज-बिंदाज मी नंतर विचारते, आधी गाडी.

कुणाकडं कारवान असेल (आपल्या भागात हौशी खूप, शर्यतीवाले तर विचारूच नका) तर कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टरला भुलीचं विचारा. या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते, जुन्या पद्धतीची काही भुलीची औषधं त्यांना लवकर उतरत नाहीत. डॉक्टर "हो हो माहिती आहे, आम्ही वेगळं वापरतो" म्हणाला तर ठीक. "काही होत नाही ओ" म्हणाला तर दुसरा बघा.

मोठ्या गोष्टींना, म्हणजे हाडात प्लेट टाकणं, एमआरआय वगैरे, बऱ्याचदा पुणं गाठायला लागतं, तर तो गाडीभाडं-मुक्कामाचा खर्च पण धरा. कॉलेजच्या हॉस्पिटलात खाजगीपेक्षा बरंच कमी लागतं, मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे ते तर इंग्रजांच्या काळापासूनचं, पण कोल्हापुरातून आजारी कुत्रं घेऊन परळला जाणं म्हणजे शेवटचा पर्याय.

इन्शुरन्सचं सगळे विचारतात. आहे, मिळतो, न्यू इंडियासारख्या सरकारी कंपनीकडं जुना आहे, बजाज अलियान्झनं 2020 मध्ये कुत्र्यांसाठी आणला. मी कागद वाचले. वयाची अट, सुरुवातीचे काही दिवस क्लेम नाही, आधीचा आजार धरत नाहीत, लस-जंताची गोळी तर सहसा नाहीच. महागडं जातिवंत पिल्लू असेल तर विचार करा. चिंगीचं मी घेतलं नाही, कारण आम्ही भिशी लावलीय.

हसू नका. आमच्या लायनीतली कुत्र्या-मांजरांची घरं मिळून महिन्याला प्रत्येकी 500 टाकतो. नंबर-बिंबर काढत नाही, ज्याचं जनावर आजारी त्यानं उचलायचे, नंतर सावकाश भरायचे, व्याज नाही. हिशोब बँकेतून रिटायर झालेल्या एका काकूंकडं, त्या बिलाचा फोटो मागतात आणि फोटो नसेल तर पैसे देत नाहीत, सख्ख्या भावाला पण दिले नसते. पहिल्याच वर्षी भांडण झालं की ग्रूमिंगचा खर्च यात बसतो का. नाही बसत. शॅम्पू करून रिबीन बांधणं हा आजार नाही असा ठराव झाला, पॉमेरेनियनवाले अजून धुसफुसतात. पण रात्री साडेअकराला ऑनलाईन दहा हजार भरायची वेळ येते तेव्हा एका फोनवर पैसे असतात, इन्शुरन्सचा क्लेम नंतर केव्हातरी येणार, डॉक्टरला आत्ता हवेत.

पावसाळ्याची तयारी मात्र भिशीवर ढकलू नका. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, शिरोलीजवळ हायवेच बंद, औषधांची गाडी येणार कुठून. चालू असलेली औषधं, फिट्सची गोळी असेल तर ती विशेष, आषाढ लागायच्या आधीच महिनाभराची जादा आणून ठेवायची. आणि लेप्टोच्या म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या लसीचा वार्षिक डोस पावसाआधी झालेला पाहिजे. उंदराच्या लघवीतून पुराच्या, साचलेल्या पाण्यात जातो तो, कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. शाहूपुरीकडं, बावड्याकडं, पंचगंगेच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर डॉक्टरला स्वतःहून विचारायचं की माझ्या कुत्र्याच्या लसीत लेप्टो आहे का, कारण सगळ्यांच्यात नसतो.

सध्या आमच्याकडं पाटीलच्या दातांचं चाललंय. तोंडाला वास मारतो, हिरड्या लाल, डॉक्टर म्हणतात भूल देऊन स्केलिंग करायला लागेल, भुलीआधी किडनीची टेस्ट, आणि एक दाढ बहुतेक काढायला लागेल. दोन आकडे लिहून दिलेत, दाढ काढली तर हा आणि नाही काढली तर हा. थांबलं तर चालेल का विचारलं, म्हणाले महिना चालेल, सहा महिने नको. काकूंना विचारलंय दात आजारात बसतो का. त्या म्हणाल्या दाढ बसते, नुसतं क्लिनिंग असेल तर मीटिंग घ्यायला लागेल.